पंप दप्तरातच असू द्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



जेवणानंतरचं भाषण माझ्या वाट्याला आलंय. पुरणपोळीनंतर बोलायला उभं करणं हा संयोजकांनी माझ्यावर उगवलेला सूड आहे, हे मला ठाऊक आहे. मी वर्गाची मॉनिटर होते आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे, त्याची ही परतफेड. आज तुम्ही झोपलात तरी नावं लिहिणार नाही.

संयोजकांनी मला 'आरोग्य' असा विषय दिला होता. आपल्या वयाला आरोग्य म्हटलं की रक्तदाब, साखर आणि गुडघे. त्यावर इथे माझ्यापेक्षा जास्त जाणणारे चार डॉक्टर बसलेत. मी मुलांची डॉक्टर. गेली तीस वर्षं सांगलीत मुलंच बघतेय. तेव्हा मी मुलांबद्दलच बोलणार, आणि तेही एकाच आजाराबद्दल. दम्याबद्दल. खरं तर दम्याच्या औषधाबद्दलही नाही, तर ते औषध घरी आणि शाळेत नीट घेता यावं म्हणून मुलाला आणि आईबापांना जे शिकवावं लागतं त्याबद्दल. आपल्यापैकी निम्मे जण आजी-आजोबा झालेत, तेव्हा हा विषय तुमच्या घरचाच आहे. आणि आज सकाळी प्रार्थनेला जी मुलं रांगेत उभी होती, त्यांच्यातल्या काहींचा तर नक्कीच आहे.

आधी दमा म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगते. माझ्याकडे आलेल्या आईवडिलांना मी शहाळं प्यायची एक नळी देते. जागच्या जागी अर्धा मिनिट पळा, मग नाक दाबा आणि फक्त त्या नळीतून श्वास घ्या, असं सांगते. तुम्हाला हे आत्ता करायला लावत नाही, पुरणपोळी आहे. पण ट्रॅक्टर उचलेल अशा ताकदीचे बाप पंधरा सेकंदांत नळी फेकून देतात आणि पोराकडे वेगळ्या नजरेनं बघतात. "डॉक्टर, हे पोरगं रात्रभर असंच असतंय?" असं एकजण म्हणाला, आणि मग त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

दम्यात श्वासाच्या नळ्यांचं दोन प्रकारे बिघडतं. नळ्यांच्या भोवती जे स्नायू असतात ते आवळतात. आणि नळ्या आतून सुजतात, चिकट कफ धरतात. आवळणं झटक्यात होतं आणि झटक्यात सुटतं. सूज मात्र हळूहळू येते आणि मूल बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही आत मुक्काम ठोकून असते. बिघाड दोन, म्हणून औषधं दोन. निळा पंप आवळलेलं सोडवतो. तो धावून येणारा. दुसरा पंप, त्याचा रंग कंपनीप्रमाणे बदलतो, तो सूज उतरवतो. तो रोज राबणारा.

आता सगळी अडचण इथेच आहे. धावून येणाऱ्याचं कौतुक होतं आणि रोज राबणाऱ्याचं होत नाही. घराघरांत हेच चालतं, बाया इथे हसतायत त्यांना कळलं! निळा पंप घेतला की पाच मिनिटांत पोर मोकळं होतं, आई म्हणते, काय गुणाचं औषध! दुसरा पंप घेतल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी मूल रात्री खोकायचं थांबतं, तेव्हा पंपाची आठवण कुणाला नसते. "आता बराय की, कशाला उगीच औषध," म्हणून तो बंद होतो. मग दिवाळी येते, थंडी पडते, आणि रात्री दोन वाजता माझ्या दवाखान्याची घंटा वाजते.

म्हणून मी सांगत असते की औषधाची चिठ्ठी लिहायला मला पाच मिनिटं लागतात, ते औषध का आणि कसं घ्यायचं हे शिकवायला पाऊण तास लागतो, आणि खरं काम त्या पाऊण तासाचं आहे. आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी दम्याचा वर्ग असतो. फी नाही, हजेरी आहे. वर्ग मी घेत नाही, आमच्या सिस्टर घेतात, कारण डॉक्टरसमोर बाया माना डोलावतात आणि सिस्टरला खरं सांगतात. मुलांना एका खोलीत, मोठ्यांना दुसऱ्या खोलीत बसवतो. आणि आजीला मुद्दाम बोलावणं पाठवतो. पहिल्या वर्गाला आजी आली नाही, तर त्या घरात औषध टिकत नाही.

त्या वर्गातला पहिला नियम असा की आम्ही काही दाखवायच्या आधी तुम्ही दाखवा. "पंप कसा घेता ते करून दाखव बरं बाळ." तीन तीन वर्षं पंप वापरणारी मुलं असतात, आणि जे बघायला मिळतं ते ऐका. कुणी टोपण न काढताच दाबतं. कुणी अत्तरासारखं तोंडावर फवारतं. कुणी पंप हलवत नाही. पावडरच्या कॅप्सूल यंत्रात घालून ओढायच्या असतात, तर एका मुलीला आईनं त्या सहा महिने पाण्याबरोबर गिळायला दिल्या होत्या. आईचं काय चुकलं? कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच. तिला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, आधीच्या दवाखान्यात कुणी करून दाखवलं नव्हतं. अशा मुलांच्या फायलीवर 'औषधाला दाद देत नाही' असा शेरा असतो. औषध पोटात गेलं, शर्टावर गेलं, हवेत गेलं. नळीत गेलंच नाही तर दाद कसली देणार?

लहान मुलांना नुसता पंप द्यायचाच नाही. त्याला स्पेसर लावायचा, म्हणजे ती प्लॅस्टिकची मोठी नळकांडी. पंप दाबला की औषधाचा फवारा आधी त्यात थांबतो आणि मूल आपल्या चालीनं श्वास घेत ते आत ओढतं. चार-पाच वर्षांच्या खालच्या बाळाला त्यावर मुखवटा लावायचा, नाक-तोंड झाकेल असा घट्ट. एकदा दाबायचं, पाच-सहा श्वास होऊ द्यायचे, पंप पुन्हा हलवायचा, मग दुसऱ्यांदा दाबायचं. एकदम दोन-तीन वेळा दाबून चालत नाही. मोठ्या मुलानं श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश खोल ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता वाळत घालायचा. फडक्यानं पुसला की त्यात स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. हे ऐकून एका आजीनं विचारलं होतं, "म्हणजे भांडं विसळून पालथं घालायचं, एवढंच ना?" हो, एवढंच.

स्पेसर महाग वाटतो म्हणून न घेणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, मला फार आवडणारी. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप त्यात घट्ट बसवून फट बुजवायची आणि मुलानं बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दम्याचा झटका आलेल्या मुलांना हा घरगुती स्पेसर दिला आणि काहींना विकतचा दिला, तर दोन्हीचा गुण सारखाच आला. आमच्या सिस्टर तार तापवून असं भोक इतकं सुबक पाडतात की बघत राहावं. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या खोपटांतल्या मुलांना आम्ही अशाच बाटल्या देतो. फडावर पाण्याच्या बाटलीला कुणी हसत नाही, हा आणखी एक फायदा.

पंपालाच लोक का घाबरतात, हे समजून घेतल्याशिवाय शिकवणं पुढे सरकत नाही. वर्गात प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात. पंपाची सवय लागते का? पंप म्हणजे शेवटचं औषध ना? गोळीनं नाही का भागणार? इथे मी आपल्या गणिताच्या सरांना स्मरून खडू हातात घेते. सालब्युटामॉलची लहान गोळी दोन मिलिग्रॅमची असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत झाले दोन हजार. पंपाच्या एका दाबात तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम असतं. दोनदा दाबला तर दोनशे. म्हणजे गोळीतून दहापट औषध पोटात जाऊन, रक्तात मिसळून, हातापायाला कंप आणि छातीत धडधड देऊन मग थोडंसं नळ्यांपर्यंत पोचतं. आता सांगा, जालीम कोण? हा हिशेब फळ्यावर मांडला की बाप लोक गप्प होतात. बायांना मात्र हिशेबापेक्षा दुसऱ्या बाईचा अनुभव जास्त पटतो, म्हणून जुन्या वर्गातली एखादी आई आम्ही नेहमी बोलावतो.

स्टेरॉइड या शब्दाची भीती त्याहून मोठी. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर त्रास होतोच, आणि गावोगावी 'हमखास गुण' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत तेच असण्याची शक्यता असते. पंपातली मात्रा फार लहान असते. लपवाछपवी नको म्हणून मी हेही सांगते की काही वर्षं रोज पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरनं कमी भरली, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. एक सेंटिमीटर. खडूनं भिंतीवर रेघ मारून दाखवते. दुसऱ्या बाजूला रात्रभर बसून काढणारं, महिन्यातले आठ दिवस शाळा बुडवणारं पोर असतं, आणि दमा ताब्यात नसेल तर त्याचीही वाढ खुंटतेच. निवड आईबापांची. आजवर रेघ बघून पंप परत करणारं कुणी भेटलेलं नाही.

हा पंप आला कसा, तेही सांगते, कारण तो एका शाळकरी मुलीमुळे आला. अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा रबराचा फुगा दाबून फवारा मारायची काचेची यंत्रं असायची, फुटायची, गळायची. तिनं १९५५ मध्ये वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा फवारा जसा डब्यातून येतो तसं माझं औषध का येत नाही? पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, पंप बाजारात आला. जगभरातल्या कोट्यवधी दमेकऱ्यांच्या खिशातली ती वस्तू एका मुलीच्या त्रासलेल्या प्रश्नातून आली आहे. म्हणून वर्गात मी मुलांनाच आधी विचारते, तुला या औषधात काय आवडत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. चव. आवाज. सगळे बघतात. आई ओरडते. आपण उपाय शोधतो दम्यावर आणि मुलाचं अडलेलं असतं 'सगळे बघतात' इथे.

आता थोडं आपल्या वर्गाबद्दल.

आठवी ब मध्ये, खिडकीकडच्या रांगेत, शेवटून दुसऱ्या बाकावर कोण बसायचं, हे ब तुकडीतल्या सगळ्यांना आठवत असेल. आपण त्याला 'पेटी' म्हणायचो. छातीतून बाजाच्या पेटीसारखा सूर यायचा म्हणून. त्यालाही ते नाव चालायचं, निदान तसं तो दाखवायचा. पीटीच्या तासाला सर त्याला सावलीत बसवायचे आणि क्रिकेटचा हिशेब लिहायला द्यायचे. त्याचा स्कोअर कधी चुकला नाही. कोजागरीला त्याला खिरीतून औषध द्यायला कुठेकुठे नेत. रात्री त्रास वाढला की वडील सायकलवर बसवून इंजेक्शनला न्यायचे. पंप आमच्या गावात तेव्हा कुणी पाहिलेलाही नव्हता. १९८२ च्या डिसेंबरात, आपण नववीत असताना, एका पहाटे तो गेला. शाळेला त्या दिवशी सुट्टी दिली होती. आपण घरी गेलो आणि नंतर त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललो नाही. काय बोलायचं ते आपल्याला माहीत नव्हतं. त्याची धाकटी बहीण आज इथे समोर बसलीय. तिची परवानगी घेऊनच मी हे सांगतेय. ती म्हणाली, "नाव घेऊ नकोस ताई, पण पेटी म्हण. त्याला कुणी त्या नावानं हाक मारून चाळीस वर्षं झाली."

त्याला जे मिळालं नाही ते आज औषधाच्या दुकानात दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळतं. असं असूनही, २०१९ च्या जागतिक आकडेवारीप्रमाणे जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. औषध आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. पण यादीत असणं वेगळं, आरोग्य केंद्राच्या कपाटात असणं वेगळं आणि ते घ्यावंसं वाटणं आणखी वेगळं.

कारण दमा हा शब्दच घरात नको असतो. "बालदमा लिहू नका हो, अ‍ॅलर्जी लिहा." मुलगी असेल तर हे हमखास. तिच्या लग्नाची काळजी ती सहा वर्षांची असल्यापासून सुरू होते. एक आई पंप तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायची, सासूला दिसू नये म्हणून, आणि सासू माळ्यावर असेल तेव्हाच पोरीला द्यायची. सासू माळ्यावर रोज सकाळ-संध्याकाळ थोडीच जाते? मी शब्द टाळत नाही. दमा म्हणते, लिहिते आणि मुलालाही म्हणायला लावते. नाव घेता आलं की मग वागवता येतं. 'कायमचा बरा होईल का?' याचंही सरळ उत्तर देते. कित्येक मुलांचा वाढत्या वयात कमी होतो, काहींचा मोठेपणी परत येतो, आणि ताब्यात मात्र जवळजवळ सगळ्यांचा राहू शकतो. खात्रीनं मुळापासून काढतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मृग नक्षत्राला हैदराबादला माशातून औषध घ्यायला जाणारे आपल्या भागातही आहेत. मी त्यांच्याशी भांडत बसत नाही. भांडलं की ते पुढच्या वेळी येत नाहीत. एवढंच सांगते की गाडीत पंप बरोबर असू द्या आणि परत आल्यावर तो बंद करू नका.

तसाच पथ्याचा प्रश्न. केळं बंद, दही बंद, भात बंद, आंबट बंद, गार बंद. खाण्यानं दमा उसळणारी मुलं असतात, पण थोडी. बाकीची उगीच वाळतात. चार वर्षं श्रीखंड न चाखलेला एक मुलगा माझ्याकडे आहे आणि त्याच घरात आजोबांची बिडी ओसरीवर चालू आहे. "मी बाहेर बसून ओढतो की." धूर ओसरीवर थांबत नाही आणि सदऱ्याला धरून आतही येतो. डास घालवायची ती गोल अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जळते, तिच्या एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा. आपल्या भागात आणखी काय काय आहे ते तुम्हीच सांगाल: पाचट पेटवलं की उडणारी काजळी, गुऱ्हाळाचा धूर, हळदीच्या वखारीतली धूळ, मिरवणुकीतला गुलाल. २०१९ च्या पुरानंतर भिंतींना जी ओल आणि बुरशी धरली, त्या हिवाळ्यात माझ्याकडे मुलांची रीघ लागली होती. आणि शाळेतला एक खास शत्रू, डस्टर. दम्याच्या मुलाला फळा पुसायचं काम देऊ नका आणि डस्टर त्याच्या खिडकीखाली झटकू नका.

शाळेकडे आलेच आहे तर मुख्य गोष्ट सांगते.

एका गावातल्या शाळेतली गोष्ट, शाळा कुठली ते महत्त्वाचं नाही. सहावीतला मुलगा, पंप वेळेवर घेणारा, आमच्या वर्गात इतरांना शिकवणारा. शाळेनं काळजीपोटीच त्याचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला होता. मधल्या सुट्टीत पाठशिवणी खेळताना त्याला धाप लागली. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, मामा बँकेत गेलेले. बाईंनी त्याला आडवं झोपवलं, भोवती साठ मुलं गोळा झाली, कुणी पाणी पाजलं, कुणी छातीला बाम चोळला. पस्तीस मिनिटांनी रिक्षानं तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं आणि ओठांवर निळसर झाक होती. तो वाचला. आज बारावीत आहे. त्या शाळेतल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. सगळे धावत होते. फक्त काय करायचं हे कुणाला शिकवलेलं नव्हतं.

काय करायचं ते आत्ता सांगते. मुलाला बसतं ठेवायचं, थोडं पुढे वाकून, आडवं करायचं नाही. गर्दी हटवायची. निळा पंप स्पेसरला लावून एकेक करत चार वेळा द्यायचा, प्रत्येक दाबानंतर चार-सहा श्वास. चार मिनिटं थांबायचं. उतार नसेल तर पुन्हा चार. तरी उतार नसेल तर गाडी काढायची, आणि वाटेतही पंप देत राहायचं. बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा मूल गुंगीत जात असेल, तर थांबून बघायचं नाहीच, पहिल्या चारबरोबरच गाडी काढायची. आणि एक फसवी खूण लक्षात ठेवा. घरघर एकदम थांबली आणि मूल मात्र थकून गळलंय, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. आवाज यायलाही हवा आतबाहेर जावी लागते.

आमच्या वर्गात प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं, सिग्नलसारखं. हिरव्यात रोजचं औषध, पिवळ्यात खोकला-घरघर सुरू झाली तर काय वाढवायचं, लाल म्हणजे आत्ता सांगितलं ते. मराठीत, मोठ्या अक्षरात, फोन नंबरासकट. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे गेली पाहिजे. आणि पंप कुलपात नाही, मुलाच्या दप्तरात. तो खेळणं करेल ही भीती असते. करत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल आपला पंप आपण सांभाळू शकतं, त्याला शिकवलं तर.

डबी संपली ते कळत नाही ही तक्रार खरी आहे. काही डब्यांना आकडे दाखवणारी खिडकी असते, काहींना नसते. पाण्यात टाकून बघू नका. डबीवर मात्रा लिहिलेल्या असतात. १२० असतील आणि रोज चार लागत असतील तर तीस दिवस. सुरू केल्याची तारीख डबीवर पेनानं लिहायची. एका चौथीतल्या मुलीनं कालनिर्णयवर तीस दिवस पुढे जाऊन पंपाचं चित्रच काढून ठेवलं होतं.

आणि या मुलांना खेळू द्या. स्कोअर लिहायला बसवू नका. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ, तिला चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं. तिनं २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावली, आणि बायकांमधला तो जागतिक विक्रम सोळा वर्षं कुणाला मोडता आला नाही. खेळाआधी पंधरा मिनिटं निळा पंप, थोडं अंग गरम करणं आणि मग मैदान. मात्र ज्याला खेळाआधीच नव्हे, रोजच निळा पंप लागतोय, त्याचा दमा ताब्यात नाही. त्याला डॉक्टरकडे पाठवा.

आता मागणी. शाळेला भेट म्हणून प्रवेशद्वाराची कमान बांधायचं आपल्या समितीत चाललंय. कमानीला माझा विरोध नाही, वर्गणीही दिलीय. पण त्याबरोबर शाळेच्या ऑफिसात, कुलपाशिवायच्या कप्प्यात, दोन निळे पंप आणि चार स्पेसर कायम असावेत. आज आपण सगळ्यांनी बांधलेल्या फेट्यांच्या खर्चात हे कित्येक वर्षं चालेल. पंपाची मुदत संपते, म्हणून दर जूनला ते बदलायची जबाबदारी कुणाच्या तरी नावानं लिहिलेली हवी. आपल्यातल्या दोघांची औषधाची दुकानं आहेत, मी त्यांच्याकडेच बघतेय, खाली बघू नका. आणि मुख्याध्यापक सर, शिक्षकांचा एक तास मला द्या. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. पाऊण तास पुरतो, उरलेला चहाला.

आमच्या सिस्टर आज माझ्याबरोबर आल्यात. पाण्याच्या टाकीजवळच्या टेबलावर पंप, स्पेसर आणि भोक पाडलेल्या बाटल्या मांडून बसल्यात. नातवंडांचे पंप बरोबर आणायला मी गटावर कळवलं होतं, ज्यांनी आणलेत त्यांनी चहा घेऊन आधी तिकडे जा आणि कसा देता ते त्यांना करून दाखवा. टोपण काढायला विसरू नका.